१९ डिसेंबर ते १९ जानेवारी

शनिवार, १९ डिसेंबर २०२०. ॲडलेडच्या कसोटीचा तिसरा दिवस. भारताकडे ५३ धावांची आघाडी होती, दुसऱ्या डावात एकच गडी बाद झाला होता आणि दोन दिवस सामना बराचसा आपल्या हातात होता. मग बुमरा, पुजारा, मयांक अगरवाल आणि अजिंक्य रहाणे असे चार जण एका पाठोपाठ बाद झाले, तेव्हा फलकावरचा १५ हा आकडा जागचा हललाही नव्हता. १९ वर विराट कोहली गेला. हेझलवूडने पाच षटकांत ८ धावा देऊन पाच बळी घेतले, कमिन्सने चार. कमिन्सचाच एक चेंडू मोहम्मद शमीच्या हातावर आदळला, त्याला बॅट धरवेना आणि ३६ धावांवर डाव मिटला. अकरांपैकी एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. सर्वांत जास्त धावा मयांकच्या, नऊ.

भारताच्या कसोटी इतिहासातला हा नीचांक. याआधीचा नीचांक ४२ धावांचा, २४ जून १९७४ रोजी लॉर्ड्सवरचा, आणि तेव्हाचे कर्णधार होते अजित वाडेकर. तीनच वर्षांपूर्वी, १९७१ मध्ये, याच वाडेकरांनी वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकून दाखवल्या होत्या. परमुलखात जाऊन जिंकता येतं ही गोष्ट भारतीय क्रिकेटला त्यांच्या संघाने शिकवली. पण ४२ नंतर तो संघ सावरला नाही. पुढची बर्मिंगहॅमची कसोटीही डावाने हरला, मालिका ३-० अशी गेली आणि त्या दौऱ्यानंतर वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. दौऱ्यावरच्या संघाचं असंच होतं. घरच्या मैदानावर हरलेला खेळाडू रात्री घरी जातो, आईच्या हातचं जेवतो. दौऱ्यावर त्याच हॉटेलात, त्याच चेहऱ्यांमध्ये, त्याच पराभवासोबत राहावं लागतं. आणि २०२० च्या त्या दौऱ्यात तर करोनामुळे हॉटेलबाहेर मोकळेपणी फिरायचीही चोरी होती.

ॲडलेडनंतर कोहली मायदेशी परतणार हे आधीच ठरलेलं होतं. त्याच्या घरी पहिलं मूल येणार होतं. शमीचा हात मोडला होता. मालिका ४-० अशी जाणार असं भाकीत इंग्लंडचा माजी कर्णधार मायकेल वॉनने जाहीरपणे केलं, आणि त्याला वेड्यात काढावं असं त्या दिवशी कुणालाच वाटलं नाही. अशा वेळी नेतृत्व आलं आपल्या नगर जिल्ह्यातल्या माणसाकडे.

अजिंक्य रहाणेचा जन्म ६ जून १९८८ चा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. प्रवरेच्या काठचं हे गाव. मूळ गाव चंदनापुरी, पुणे-नाशिक रस्त्यावर घाट लागतो तिथलं. क्रिकेट मात्र तो शिकला डोंबिवलीत, कारण पोटापाण्यासाठी मुंबईच्या आसपास गेलेल्या हजारो नगरकर कुटुंबांपैकी त्याचं एक. सरावाला जायला रिक्षा परवडत नसे, म्हणून एका कडेवर धाकटा भाऊ आणि दुसऱ्या हातात त्याची किटबॅग घेऊन आई त्याला चालत मैदानावर न्यायची, हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. त्याचीच आणखी एक आठवण मला फार बोलकी वाटते. वडिलांनी त्याला पहिल्यांदा एकट्याने डोंबिवलीहून सीएसटीला लोकलने पाठवलं. मुलगा एकटाच गेला, एकटाच उतरला. वडील त्याच गाडीत शेजारच्या डब्यात बसून त्याच्यावर नजर ठेवून होते, हे त्याला नंतर कळलं. पुढे प्रवीण आमरे यांच्या हाताखाली तो घडला, मुंबईच्या रणजी संघात धावांच्या राशी घातल्या आणि मार्च २०१३ मध्ये दिल्लीला ऑस्ट्रेलियाविरुद्धच कसोटीत पदार्पण केलं. लहानपणी कराटेत ब्लॅक बेल्ट मिळवलेला हा मुलगा मैदानावर कधी आवाज चढवताना कुणी पाहिला नाही.

तो शांत आहे, म्हणून तो मवाळ आहे असा समज होता. २०१७ च्या मार्चमध्ये धर्मशाळेला कोहली जायबंदी असताना निर्णायक कसोटीत त्याने नेतृत्व केलं आणि मालिका जिंकली. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावातल्या पडझडीनंतर कमिन्सच्या आखूड चेंडूंवर त्याने स्वतः मारलेले फटके आठवून पाहा. २०१८ मध्ये अफगाणिस्तानची पहिलीवहिली कसोटी बंगळूरला झाली, ती भारताने दोन दिवसांत जिंकली, आणि करंडकासोबतच्या छायाचित्रासाठी रहाणेने हरलेल्या अफगाण संघालाही बोलावून घेतलं. हे दोन प्रसंग एकत्र ठेवले की पुढे मेलबर्नमध्ये जे घडलं ते अचानक घडलेलं वाटत नाही.

पण ॲडलेडचं एक ओझं त्याच्या खांद्यावर होतं. पहिल्या डावात भारत ३ बाद १८८ असा भक्कम होता. कोहली ७४ वर खेळत होता. लायनचा चेंडू रहाणेने मिडऑफकडे टोलवला, धावेसाठी हाक दिली, दोन पावलं टाकली आणि मग नकार दिला. कोहली तोपर्यंत अर्ध्या खेळपट्टीपुढे आला होता. तो धावबाद झाला, आणि डावाची वीण तिथूनच उसवली. थोड्याच वेळात रहाणेही ४२ वर पायचीत झाला. दिवसाचा खेळ संपल्यावर आपण विराटची माफी मागितली, असं त्याने नंतर पत्रकारांना सांगितलं. कोहलीने ती गोष्ट मनावर घेतली नाही. पण कर्णधाराला धावबाद केलेला आणि दुसऱ्या डावात शून्यावर गेलेला माणूस आठ दिवसांत स्वतः कर्णधार म्हणून नाणेफेकीला जाणार होता.

तेव्हा मुख्य प्रशिक्षक होते रवी शास्त्री. हा ३६ आकडा बिल्ल्यासारखा बाहीवर मिरवा, त्यातूनच मोठा संघ घडेल, असं त्यांनी खेळाडूंना सांगितल्याचं क्षेत्ररक्षण प्रशिक्षक आर. श्रीधर यांनी नंतर उघड केलं. पण निव्वळ भाषणाने सामने जिंकले जात नाहीत. खरी गोष्ट ठरली ती संघनिवडीत. ३६ वर बाद झालेला कुठलाही संघ पुढच्या सामन्यात एक फलंदाज वाढवेल. इथे कोहलीच्या जागी रवींद्र जडेजा आला, म्हणजे पाचवा गोलंदाज. साहाऐवजी ऋषभ पंत, पृथ्वी शॉऐवजी शुभमन गिल, शमीऐवजी मोहम्मद सिराज. गिल आणि सिराज दोघांचीही पहिलीच कसोटी. बचाव करत बसायचं नाही, वीस बळी घ्यायचे, एवढा सरळ विचार त्यामागे होता. या सगळ्या दौऱ्यातला सर्वांत धाडसी निर्णय माझ्या मते हाच, आणि तो एकही चेंडू पडण्याआधी घेतलेला होता.

सिराजबद्दल थांबून सांगायला हवं. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा. संघ ऑस्ट्रेलियात विलगीकरणात असतानाच, २० नोव्हेंबरला, त्याचे वडील गेले. मंडळाने त्याला परत जायची मुभा दिली होती. तो थांबला. आपण कसोटी खेळावी ही वडिलांची इच्छा होती, असं तो सांगत राहिला. अंत्यविधीला जाता आलं नाही, सहकाऱ्यांना नीट भेटताही येत नव्हतं, कारण तेव्हा प्रत्येक जण आपापल्या खोलीत बंद होता.

२६ डिसेंबरला मेलबर्नची कसोटी सुरू झाली. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पाच. प्रवराकाठच्या गावांमध्ये ही गोठ्यात धारा काढायची आणि डेअरीवर दूध घालायला निघायची वेळ. थंडी मी म्हणत असते. ऑस्ट्रेलियाची पहिली फलंदाजी. पहिला तासही संपायच्या आत रहाणेने अश्विनच्या हाती चेंडू दिला. बॉक्सिंग डेच्या ताज्या खेळपट्टीवर, हिरवळीचा अंश असताना, फिरकी. अश्विनने आधी मॅथ्यू वेडला उडवलं आणि मग स्टीव्ह स्मिथला शून्यावर लेगगलीत पुजाराच्या हाती झेल द्यायला लावलं. ती लेगगली उगाच उभी केलेली नव्हती. स्मिथला ऑफच्या बाजूला मोकळीक द्यायचीच नाही, त्याच्या पायांवर मारा करत राहायचं, ही योजना होती आणि क्षेत्ररक्षण त्या बरहुकूम लावलं होतं. बुमराने चार बळी घेतले, ऑस्ट्रेलिया १९५ वर संपला.

दुसऱ्या दिवशी रहाणे मैदानात उतरला तेव्हा भारत २ बाद ६१ होता. पाठोपाठ पुजाराही गेला, ३ बाद ६४. ढग दाटलेले, चेंडू हलत होता, समोर स्टार्क, कमिन्स, हेझलवूड आणि लायन. त्याने शरीरालगत, उशिरा खेळायला सुरुवात केली. चेंडू पूर्ण आत येऊ द्यायचा, बॅट डोळ्यांखालीच ठेवायची, बाहेरचा असेल तर सोडून द्यायचा. मुंबईच्या मैदानांवरची ही जुनी खडूस शिकवण. दुसऱ्या बाजूला विहारी २१ करून गेला, पंत २९ करून गेला, मग जडेजा आला आणि दोघांनी १२१ धावांची भागीदारी केली. दिवसअखेर रहाणे नाबाद १०४. मेलबर्नच्या शतकवीरांच्या फलकावर त्याचं नाव दुसऱ्यांदा लागलं. पहिलं शतक २०१४ चं, १४७ धावांचं, कोहलीच्या जोडीने केलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जडेजा ४९ वर होता. त्याने चेंडू टोलवून अर्धशतकासाठी धाव मागितली. धाव तशी नव्हतीच. रहाणे धावला आणि ११२ वर धावबाद झाला. जडेजा खाली मान घालून उभा राहिला, तर रहाणे त्याच्याजवळ गेला, पाठीवर थाप दिली आणि मग तंबूकडे वळला. कर्णधाराच्या विकेटवर एखाद्याने आपलं अर्धशतक पूर्ण करावं आणि कर्णधाराने त्याला धीर द्यावा, हे मी क्रिकेटमध्ये क्वचित पाहिलं आहे. अकराच दिवसांपूर्वी दुसऱ्या टोकाला उभा राहून आपल्या कर्णधाराला बाद होताना त्याने पाहिलं होतं. अपराधी माणसाला त्या क्षणी काय हवं असतं हे त्याला ठाऊक होतं.

भारताच्या ३२६ झाल्या, १३१ ची आघाडी मिळाली. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव २०० वर आटोपला. उमेश यादवची पोटरी धरली म्हणून तो मध्येच बाहेर गेला, तर सिराजने तीन बळी घेऊन त्याची उणीव भासू दिली नाही. चौथ्या दिवशी ७० धावांचं लक्ष्य दोन गडी गमावून पार झालं.

सामनावीराला त्या वर्षापासून मुलाग पदक द्यायचं ठरलं होतं. पहिलंच पदक रहाणेच्या गळ्यात पडलं. जॉनी मुलाग हा ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी समाजाचा खेळाडू. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेला पहिला ऑस्ट्रेलियन संघ मूळनिवासींचाच होता. समुद्रमार्गे गेलेला तो संघ तिथे तब्बल ४७ सामने खेळला, १४ जिंकला, १४ हरला, १९ अनिर्णित राहिले. मुलाग त्यांतले ४५ खेळला, १,६९८ धावा केल्या आणि २४५ बळी घेतले. दौऱ्यावरच्या संघांच्या हालअपेष्टा मोजायच्या तर या संघापासून सुरुवात करावी लागेल. त्या खेळाडूंच्या कमरपट्ट्याच्या बकलावरून हे पदक घडवलेलं आहे. दीडशे वर्षांनी ते संगमनेरच्या मुलाला मिळालं, हा योग मला मोठा वाटतो.

सिडनीत मात्र दैव रुसलं. ७ जानेवारीला राष्ट्रगीत चालू असताना सिराजच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते साऱ्या देशाने पाहिलं. स्मिथ आता जागा झाला होता, त्याने १३१ केल्या. शेवटी जडेजाच्या थेट फेकीने तो धावबाद झाला, त्या फेकीची पारायणं करावीत इतकी ती देखणी होती. ऑस्ट्रेलिया ३३८. भारत २४४. पंतच्या कोपरावर चेंडू बसला, जडेजाचा अंगठा मोडला. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाने ३१२ वर डाव सोडला आणि ४०७ चं लक्ष्य ठेवलं.

त्याआधी, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, प्रेक्षकांतून सिराज आणि बुमरा यांना शिवीगाळ झाली. वर्णावरून. सिराज सरळ कर्णधाराकडे आला, रहाणे पंचांकडे गेला. खेळ थांबला, पोलीस आले, सहा जणांना बाहेर काढलं. हवं तर तुम्ही मैदान सोडू शकता, असं पंचांनी सुचवलं होतं, आणि आम्ही खेळायला आलो आहोत, आम्ही का जावं, या अर्थाचं उत्तर रहाणेने दिलं, हे सिराजनेच नंतर सांगितलं. मला इथे १९८१ चं मेलबर्न आठवतं. लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं म्हणून संतापलेले सुनील गावसकर आपल्या जोडीदाराला, चेतन चौहानला, ढकलत मैदानाबाहेर नेऊ लागले होते. व्यवस्थापक दुराणींनी सीमारेषेवर चौहानला अडवलं म्हणून सामना वाचला, आणि मग कपिल देवने ऑस्ट्रेलियाला ८३ धावांत गुंडाळून तो जिंकूनही दिला. गावसकरांना त्या कृतीचा पुढे पश्चात्ताप झाला. त्यांचा राग खोटा नव्हता. पण चाळीस वर्षांनंतर त्याहून मोठ्या अपमानापुढे दुसऱ्या एका मुंबईकर कर्णधाराने ठाण मांडलं, तक्रार रीतसर नोंदवली, गुन्हेगारांना बाहेर घालवलं आणि संघाला खेळायला लावलं. राग गिळणं आणि राग योग्य ठिकाणी पोचवणं यांत अंतर आहे. रहाणेने दुसरी गोष्ट केली.

११ जानेवारी, पाचवा दिवस. दिवसाच्या दुसऱ्याच षटकात रहाणे ४ वर बाद, ३ बाद १०२. सामना हातातून निसटला असं सगळ्यांनाच वाटलं. पण आता विहारीऐवजी पंत आला, दुखऱ्या कोपराचा, आणि त्याने ११८ चेंडूंत ९७ फटकावल्या. ऑस्ट्रेलियाचे चेहरे उतरले. पुजाराने २०५ चेंडू खेळून ७७ केल्या. दोघेही गेल्यावर उरले हनुमा विहारी आणि अश्विन. विहारीची मांडीची शीर धाव घेताना तुटली. अश्विनची पाठ आदल्या रात्रीपासून इतकी धरली होती की त्याला वाकून बुटाच्या नाड्या बांधता येत नव्हत्या. एकाला धावता येत नाही, दुसऱ्याला वाकता येत नाही, आणि जडेजा मोडक्या अंगठ्यावर इंजेक्शन घेऊन पॅड बांधून बसलेला. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. चाळीसहून अधिक षटकं त्यांनी काढली. छातीवर, बरगड्यांवर चेंडू झेलले. तुमची ब्रिस्बेनला गाठ घ्यायची वाट पाहतोय, असं यष्टींमागून टिम पेन अश्विनला डिवचत होता. त्याच दिवशी पेनच्या हातून तीन झेल सुटले. ५ बाद ३३४, सामना अनिर्णित.

कसोटी क्रिकेट न बघणाऱ्यांना अनिर्णित सामना म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांनी त्या दिवसाचा शेवटचा दीड तास तरी पाहावा.

ब्रिस्बेनचं गॅबा मैदान. इथे ऑस्ट्रेलिया नोव्हेंबर १९८८ पासून हरलेला नव्हता. भारत इथे सहा कसोटी खेळला होता, पाच हरला होता. १९४७ मध्ये लाला अमरनाथांचा संघ ५८ आणि ९८ वर बाद झाला होता. १९७७ मध्ये बेदींचा संघ अवघ्या १६ धावांनी हरला. एकच सामना सुटला, डिसेंबर २००३ चा. सौरव गांगुलीचं १४४ धावांचं शतक त्यात सर्वांना आठवतं, पण ऑस्ट्रेलियाला ३२३ वर रोखणारे पाच बळी श्रीरामपूरच्या झहीर खानचे होते, हे नगरकरांनी तरी विसरू नये.

आता संघाकडे पाहू. बुमराचे पोटाचे स्नायू दुखावलेले. अश्विन, जडेजा, विहारी, उमेश, शमी, सगळे बाहेर. उरलेल्या पाच गोलंदाजांनी मिळून कसोटी सामने खेळलेले होते चार. सिराज दोन, सैनी एक, आणि शार्दूल ठाकूर एक, त्यातही २०१८ मध्ये हैदराबादला दहा चेंडू टाकून तो जायबंदी होऊन परतला होता. वॉशिंग्टन सुंदर आणि टी. नटराजन यांची ही पहिली कसोटी. दोघेही मूळ कसोटी संघात नव्हतेच, सरावात गोलंदाजी टाकायला म्हणून मागे थांबवलेले. नटराजन सेलमजवळच्या खेड्यातला, आयपीएल चालू असताना त्याला मुलगी झाली, तिचं तोंडही त्याने अजून पाहिलं नव्हतं. समोर मात्र हजारांहून अधिक कसोटी बळी घेतलेले चार गोलंदाज.

ऑस्ट्रेलियाने ३६९ केल्या. सैनीची जांघ त्याच्या आठव्या षटकात दुखावली, म्हणजे चारच गोलंदाज राहिले. तरी नटराजन, शार्दूल आणि सुंदरने तीन-तीन बळी घेतले. भारत ६ बाद १८६. इथे शेपूट सुरू व्हायला हवं होतं. पालघरच्या शार्दूलने पहिलीच धाव षटकाराने घेतली, तीही कमिन्सला. किटबॅग पाठीवर टाकून पालघरहून पहाटेच्या गाडीने मुंबई गाठत ज्याने आपलं क्रिकेट उभं केलं, त्याला स्टार्कच्या वेगाची काय मातब्बरी! त्याने ६७ केल्या, सुंदरने ६२, दोघांत १२३ धावांची भागीदारी झाली. भारत ३३६. पिछाडी अवघी ३३ ची. माझ्या लेखी मालिका इथे फिरली.

चौथ्या दिवशी सिराजने ७३ धावांत पाच बळी घेतले. सिराज संघाला बाहेर घेऊन येत असताना सीमारेषेवर जायबंदी बुमरा उभा होता, त्याने सिराजला मिठी मारली. शार्दूलचे चार बळी. लक्ष्य ३२८. पाऊस आला आणि दिवस संपला तेव्हा बिनबाद ४.

१९ जानेवारी २०२१, मंगळवार. रोहित शर्मा ७ वर गेला. मग गिल आणि पुजारा. एकवीस वर्षांचा गिल उभ्या उभ्या पुल मारत होता, आणि पुजारा अंगावर चेंडू घेत होता. हेल्मेटवर, खांद्यावर, बोटांवर, बरगड्यांवर. एक चेंडू बोटांवर बसला तेव्हा तो वेदनेने खाली बसला, वैद्य धावत आले, पाणी मारलं, तो उठला आणि पुन्हा स्टान्स घेतला. बॅट वर उचलली तर झेल जाईल, त्यापेक्षा अंगावर घेतलेला बरा, हा त्याचा हिशेब होता. मालिकेत त्याने ९२८ चेंडू खेळले. गिल ९१ वर बाद झाला, २ बाद १३२.

आता सावध खेळून सामना वाचवायचा की जिंकायला जायचं, हा प्रश्न होता. कर्णधाराने त्याचं उत्तर आपल्या बॅटने दिलं. २२ चेंडूंत २४, लायनला एक षटकार. छोटी खेळी, पण आपण कुठे निघालो आहोत हे सगळ्यांना कळलं. तो बाद झाल्यावर मयांकऐवजी पंतला वर पाठवलं. चहापानाला ३ बाद १८३, आणखी १४५ हव्या. नव्या चेंडूवर पुजारा २११ चेंडूंत ५६ करून गेला, मयांक ९ करून गेला. सुंदरने २२ केल्या, त्यात कमिन्सला हुक करून मारलेला षटकार. सुंदर आणि शार्दूल बाद झाले, तीन धावा उरल्या, आणि पंतने हेझलवूडला समोर ड्राइव्ह मारला. चेंडू लाँगऑफच्या सीमारेषेकडे गेला. ७ बाद ३२९, पंत नाबाद ८९. तीन गडी राखून विजय. मालिका २-१. ॲडलेडच्या ३६ नंतर बरोबर एक महिना.

चार कसोटींत भारताने वीस खेळाडू वापरले. चारही सामने खेळलेले फक्त दोघे, पुजारा आणि रहाणे. रहाणेच्या मालिकेत २६८ धावा, म्हणजे आकड्यांत डोळे दिपावेत असं काही नाही. पण करंडक घेताना त्याने आधी नॅथन लायनला बोलावलं, शंभराव्या कसोटीबद्दल भारतीय खेळाडूंनी सह्या केलेली जर्सी त्याला भेट दिली. करंडक हाती आला तसा नटराजनच्या हातात ठेवला. आणि ड्रेसिंगरूममध्ये बोलताना कुलदीप यादवचं नाव आवर्जून घेतलं. कुलदीपला साऱ्या दौऱ्यात एकही कसोटी खेळायला मिळाली नव्हती. बाहेर बसून पाणी नेणाऱ्या माणसाचे कष्ट मोजणारा कर्णधार मिळणं, ही संघासाठी मोठी गोष्ट असते.

तो मुंबईला परतला तेव्हा माटुंग्याच्या घराखाली ढोल-ताशे वाजत होते, फुलं उधळली जात होती. शेजाऱ्यांनी केक आणला होता, त्यावर कांगारूची आकृती होती. त्याने तो कापायला नकार दिला. कांगारू त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी, प्रतिस्पर्ध्याचा मान राखायला हवा, असं त्याने नंतर सांगितलं.

पुढच्याच महिन्यात चेन्नईला इंग्लंडविरुद्ध कोहली कर्णधार म्हणून परतला आणि रहाणे उपकर्णधार झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला न्यूझीलंडविरुद्ध त्याने आणखी एकदा नेतृत्व केलं, सामना अनिर्णित राहिला. सहा कसोटींत चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही. मग धावा आटल्या आणि संघातली जागाही गेली. २०२३ च्या जूनमध्ये ओव्हलवर, जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, परत येऊन त्याने ८९ आणि ४६ केल्या, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला. मेलबर्नच्या त्या ११२ धावा मात्र वेगळ्या कप्प्यात ठेवाव्या लागतात. मराठी माणसाने ऑस्ट्रेलियात खेळलेल्या मोठ्या खेळ्यांची गणती करायची तर १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध विजय हजारेंनी दोन्ही डावांत केलेली ११६ आणि १४५ ही शतकं सर्वांत आधी येतात, १९८१ मधली त्याच मैदानावरची संदीप पाटीलची १७४ त्यानंतर. हजारेंची शतकं हरलेल्या सामन्यात झाली, पाटीलचं शतक अनिर्णित सामन्यात. या तिघांपैकी जिंकलेल्या सामन्यातलं शतक रहाणेचं.